कारंज्याची जागा

परमेश्वरनं पाटीतली चुन्याची फक्की मुठीत घेतली आणि बोटांच्या फटीतून जमिनीवर सोडली. झालं ते एवढंच. पांढरी भुकटी काळ्या मातीवर पडली, वाऱ्यानं जराशी तिरपी झाली, आणि आदिनाथ एकदम पुढं आला. "थांब," तो म्हणाला. परमेश्वर वाकलेलाच थांबला. रेघ मारायची, खुंट्या ठोकायच्या, साहेब म्हणाला की पुसायची, यात त्याचा जन्म चालला होता, त्यामुळे त्याला राग नव्हता, फक्त नवल होतं. "दोरी तर बराबर हाय, साहेब." दोरी बरोबरच होती. नकाशाही बरोबर होता. पालिकेच्या उद्यान विभागात बसून तो आदिनाथनंच काढला होता. गवळीपुऱ्याच्या तळहाताएवढ्या बागेला मागचं बाभळबन जोडायचं, मधोमध गोल कारंजं, भोवती लेकरांची खेळणी, कडेनं म्हाताऱ्यांना फिरायला वाट. कारंज्याच्या हौदासाठी माणूसभर खोल खड्डा. सोमवारी जेसीबी येणार होता. कागदावर ते वर्तुळ काढताना आदिनाथचा हात जराही अडखळला नव्हता, आणि आता मूठभर भुकटीनं तो अडला होता. "पूस ती," तो म्हणाला. "उतार परत बघावा लागेल." इंजिनियर माणसाला उतार हा शब्द फार कामाचा. तो कुठंही लावता येतो आणि कुणी उलट विचारत नाही.

कसं कळलं नाही आपल्याला? कुंपणाच्या तारेला धरून तो उभा राहिला, तार तापलेली होती तरी हात काढला नाही. खरंच कळलं नव्हतं. त्याच्या डोक्यात ते ठिकाण कायम लांब होतं, गावाबाहेर, पावसात चिखल तुडवत कितीतरी चालल्यावर येणारं. तेव्हा गवळीपुरा या अंगाला संपायचा आणि पुढं नुसत्या बाभळी नि नाला. मधल्या काळात परभणी चहूकडून सुजत गेली, शेतांचे प्लॉट झाले, प्लॉटांची घरं झाली, घरांवर माड्या चढल्या, भिंतीला भिंत लागली, आणि लांबचं ते ठिकाण कधी गल्लीच्या परसात येऊन बसलं ते त्याला समजलंच नाही. की समजून घ्यायचं नव्हतं? या बाजूला मोजणीला आला की तो नाल्याकडच्या एका वाकड्या खोडाला वळसा घालून जायचा. पाय आपोआप वळायचे. आपण का वळलो हे त्यानं पायांना कधी विचारलं नव्हतं, आणि आज फक्कीची रेघ त्याच खोडाला भिडली होती. कपाळावरचा चष्मा घरभर शोधणाऱ्या माणसाला लोक हसतात. आदिनाथला हसू आलं नाही, घाम आला.

त्या दिवशी मुठीत मीठ होतं. खडेमीठ. गल्लीच्या तोंडावरच्या दुकानदारानं काही न विचारता पुडी बांधून दिली होती, आणि त्याच्या त्या न विचारण्यावरूनच आदिनाथला उमगलं होतं की हे मीठ कशाला लागतं ते इथं सगळ्यांना ठाऊक आहे. पोळ्याच्या आसपासचे दिवस. आठव्या महिन्यातच झालेली त्याची पहिली पोर, दवाखान्यातल्या काचेच्या पेटीत थोडे दिवस हातपाय हलवून गेली. नाव ठेवायचंही राहिलं. दात न आलेल्या लेकराला अग्नी देत नाहीत, माती देतात. ते काम पुरुषांचं, आणि ठिकाण आईला सांगायचं नाही. सांगितलं तर तिचं पाऊल तिकडंच ओढतं, पुढची कूस धरत नाही, असं म्हणतात. कोण म्हणतं ते कुणी सांगत नाही. आबा, म्हणजे आदिनाथचे वडील रायभान, ताडकळसहून आले होते. मनात होतं आपल्या शेतात न्यायचं, पण ओढ्याला पूर, रस्ता बंद. तेव्हा आदिनाथ गवळीपुऱ्यात भाड्याच्या खोलीत राहायचा. शेजारचा बन्सीधर खांद्यावर टिकाव घेऊन आपणहून दारात उभा राहिला. "आमच्या गल्लीची जागा हाय. चला." त्यानंच खणलं, त्यानंच मीठ पसरायला सांगितलं, त्यानंच वरून बाभळीच्या काटेरी फांद्या ओढल्या, कुत्र्यांनी उकरू नये म्हणून. परत येताना आबा म्हणाले, "सुनेला शेतात नेलं म्हणून सांगायचं. बांधावरच्या बोरीखाली." इतक्या कोरड्या आवाजात म्हणाले की आदिनाथनं नुसती मान हलवली. त्यानंतर तो विषय घरात निघाला नाही.

"आखून झालं का?" दारातच राजेश्रीनं विचारलं. गल्लीतच पुढं त्यांनी दोन खोल्यांचं घर बांधलं होतं. बागेसाठी सगळी पायपीट तिची. ती आणि पलीकडची केवळाबाई, दोघींनी घरोघर फिरून बायकांच्या सह्या गोळा केल्या होत्या, साहेबांच्या दारात जाऊन बसल्या होत्या, आणि घरात इंजिनियर असून नवऱ्याकडून एक शब्द टाकून घेतला नव्हता, या गोष्टीचा तिला अभिमान होता.

"झालं. म्हणजे थोडं सरकवायचंय."

"सरकवा, पण झोके पाण्याच्या जवळच राहू द्या. लेकरांना पाणी लय आवडतं." ती पीठ मळत होती. "केवळाबाई म्हणायलत्या, त्या बाभळीत इतकी वर्षं नुसती घाण पडायली. आता तिथं लेकरं खेळतील."

आदिनाथ तांब्याभर पाणी घटाघटा प्याला आणि परत माठाकडं गेला. लेकरं खेळतील. त्याला वाटलं ओरडून तिला थांबवावं, आणि त्याच वेळी वाटलं तिनं बोलतच राहावं, म्हणजे आपल्याला बोलावं लागणार नाही. ती किती नीट बोलत होती! निकिता झाल्यावर, ती मोठी होऊन पुण्याला शिकायला गेल्यावर, राजेश्रीच्या बोलण्यातून पहिली पोर पुसली गेली असं कुणालाही वाटलं असतं. फक्त येळवशीला तसं वाटायचं नाही. दरसाल त्या अमावास्येला ते ताडकळसच्या शेतात जात, भज्जी-भाकरीचा नैवेद्य दाखवत, शिवारभर आंबील शिंपडत, आणि सगळे जेवायला बसले की राजेश्री भाकरीचा एक तुकडा भज्जीत कालवून उठायची. बांधावरच्या बोरीखाली ठेवायची. तिथं जरा वेळ उभी राहायची, पदर सारखा करायची आणि परत येऊन बसायची. आदिनाथ तेवढा वेळ हरभऱ्याकडं बघत राहायचा. हरभरा कसा आलाय, घाटे भरलेत का, हे त्याच्याइतकं बारकाईनं परभणी जिल्ह्यात कुणी बघितलं नसेल. एकदा आबांनीही ते बघितलं, आणि हातातली भाकरी ताटात ठेवून दिली. पुढं आबा वारले. आता त्या बोरीखाली काही नाही हे माहीत असलेला घरातला माणूस एकटा तोच उरला.

सोमवारी जेसीबीच्या दातांत काय येईल? येईल का काही? काळी माती काही शिल्लक ठेवते का? त्याला माहीत नव्हतं, आणि कुणाला विचारणार? पण एवढं माहीत होतं की खोदकाम बघायला राजेश्री सगळ्यात पुढं उभी असणार. आणि खोदायचं थांबवलं तर तीच विचारणार, का? तोंड उघडलं तर त्या बोरीखालचे सगळे घास तिला परत मोजायला लावायचे, आणि नाही उघडलं तर मशीन उघडं पाडणार. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. रात्रभर कूस बदलून सकाळी त्यानं मधला मार्ग काढला, भित्री माणसं काढतात तसा. वर्तुळ त्या वाकड्या खोडापासून दूर, गल्लीच्या भिंतीकडं सरकवलं. परमेश्वरनं निमूट नवी रेघ ओढली. आदिनाथला वाटलं होतं आता छाती मोकळी होईल. ती झाली नाही. पुसलेल्या रेघेची पांढरट सावली मातीत तशीच दिसत होती.

दुपारी चंद्रभान ऑफिसात आला. हा केवळाबाईचा नवरा, मूळ चारठाण्याचा, धान्याच्या मोंढ्यात हमालांचा मुकादम, तोंडाचा फटकळ. सरकारी ऑफिसात टोपी काढायची सवय नसलेला हा माणूस आज टोपी हातात घेऊन चुरगाळत होता. "साहेब, कारंजं भिंतीकडं घेतलं म्हणं तुमी. डास होतेत हो. जराक नाल्याकडं सरकवा की." आदिनाथ म्हणाला, तुमचं घर तर पलीकडच्या टोकाला आहे. "तसं न्हाई, गल्लीची फिकीर करावं लागती ना." एवढं बोलून तो खिडकीबाहेर बघायला लागला. तो गेला न गेला तोच दत्तराव मास्तर. रिटायर झालेले, शुद्ध बोलणारे. त्यांनी ऐकलं होतं की कारंजं नाल्याकडं न्यायचा विचार चाललाय. "तसं करू नका. वास्तूच्या दृष्टीनं ईशान्य बरी. मध्यावर तर नकोच नको." आयुष्यभर पोरांना अंधश्रद्धेवर निबंध लिहायला लावणारे मास्तर वास्तू सांगत होते आणि त्यांचे कान लाल झाले होते. संध्याकाळी आणखी दोघं. एकाला वारा आडवा येत होता, एकाला विजेचा खांब. चोराच्या मनात चांदणं असतं, पण एक चोर दुसऱ्याला लगेच ओळखतो. बोलताना कुणीही नकाशावर बोट ठेवत नव्हतं. सगळे बोटं राखून बोलत होते. आणि एकाएकी आदिनाथला हे सगळं इतकं लख्ख कळलं की तो खुर्चीतून उठून उभाच राहिला, आणि समोरचा माणूस, काय झालं साहेब, म्हणत दचकून उठला. हे सगळे आपापलं लेकरू वाचवत होते. तो करत होता तेच. आणि आपलं वाचवताना त्यानं रेघ जिथं नेली तिथं चंद्रभानचं होतं.

बन्सीधर आता उन्हाळ्यात ओसरीतल्या बाजेवरच असायचा. डोळ्यांत पडदा आलेला, म्हशी केव्हाच विकलेल्या. आवाजावरून त्यानं ओळखलं. "ये. बागंचं काढलंस म्हणं." आदिनाथनं बाजेच्या काठावर बसत सरळ विचारलं, "काका, तिथं कोणाकोणाची आहेत?"

बन्सीधर पायाचा अंगठा हलवू लागला. "कोनाची न्हाईत ते इचार. चंद्रभानचं हाय, मास्तरचं हाय. माझी दोन हायत. त्या वख्ताला कावीळ, गोवर, काय काय यायचं. म्या लय जनाला नेलं."

"माझी कुठं आहे?"

"आता कशाला इचारायलास?"

"सांगा ना काका. त्या वाकड्या बाभळीपाशी ना? नाल्याकडची?"

"वाकडी?" म्हातारा खरंच आठवायला लागला. आदिनाथ त्याच्या तोंडाकडं अधाशासारखा बघत होता. "बापा, बाभळी कितींदा तोडल्या, कितींदा फुटल्या. ती वाकडी तर तवा नव्हतीच. ती मागून आलेली. मला न्हाई रं आठवत. ध्यानात ठेवायचंच न्हाई, असंच म्हनायचो आमी." मग हळूच म्हणाला, "माझी कुठं हायत ते बी न्हाई आठवत."

आदिनाथ बाहेर आला तेव्हा ऊन मी म्हणत होतं. तो घराकडं वळायचा तो नाल्याकडं गेला, नाल्याकडून परत बागेच्या फाटकाशी आला, तिथून विनाकारण हमरस्त्यावर. कुठंच थांबवेना. इतकी वर्षं आपण ज्या जागेला वळसा घालून गेलो ती जागा तीच नव्हती. आणि वळसा घालताना पाय पडला तो कदाचित नेमका... पुढचं त्याच्या मनात येत होतं आणि तो येऊ देत नव्हता. राजेश्री चुकीच्या बोरीखाली घास ठेवत होती म्हणून त्याला तिची कीव यायची. कीव! तो तरी काय वेगळं करत होता? तिला निदान खोटं सांगितलं होतं. त्यानं स्वतःच स्वतःला सांगितलं होतं, पुरावा नसताना, एका खोडावर विश्वास ठेवून. त्याला संताप आला, आबांचा, बन्सीधरचा, त्या कोण म्हणतं ते न सांगणाऱ्या लोकांचा, आणि मग त्या लोकांत आपणही आहोत हे ध्यानात येऊन तो संताप जागच्या जागी बसला. पानटपरीशी उभं राहून त्यानं सोडा मागितला आणि न पिताच निघाला.

रविवारी संध्याकाळी जुन्या बागेत गल्लीची बैठक होती. ठरलेलीच. बायका सतरंजीवर, पुरुष कट्ट्यावर, आदिनाथ मधे नकाशा घेऊन उभा. केवळाबाई गुडघ्यावर हात टेकून उठली. "साहेब, एक सांगा. रेघ रोज इकडून तिकडं पळायली. कारंजं हाय का मांजराचं पिल्लू, सात घरं फिरवायलेत ते?" बायका खळखळून हसल्या. कट्ट्यावर कुणी हसलं नाही. आळीमिळी गुपचिळी. चंद्रभान वहाणेचा अंगठा नीट करत होता, मास्तर चष्मा पुसत होते. राजेश्री मान उंचावून नवऱ्याकडं बघत होती, आता हा असं फर्मास उत्तर देईल की केवळाबाईचं समाधान होईल, अशा विश्वासानं. तो विश्वास बघून आदिनाथला सगळ्यात जास्त भीती वाटली. उतार, असं म्हणायला त्यानं तोंड उघडलं.

"खोदायचं नाही," तो म्हणाला. "कुठंच नाही. वरून माती टाकू, हिरवळ करू, चालायची वाट करू. झोके जुन्या बागेत बसवू. पण खोदायचं नाही."

"काऊन?" केवळाबाई म्हणाली.

"तिथं लेकरं आहेत."

केवळाबाईला आधी कळलं नाही. "कोनाची लेकरं?" तिनं हसऱ्या तोंडानंच विचारलं, आणि उत्तरासाठी कट्ट्याकडं बघितलं. कट्ट्यावरची सगळी माणसं खाली बघत होती. ती एकेका तोंडावरून नजर फिरवत गेली आणि आपल्या नवऱ्याशी येऊन थांबली. झाकली मूठ किती वर्षं झाकून ठेवली होती या लोकांनी, आणि ती उघडली तर आत प्रत्येकाच्या एकच गोष्ट. "अवो," केवळाबाई म्हणाली, आवाज एकदम लहान झालेला, "माझा बजरंग चारठान्याला न्हाई?" चंद्रभाननं टोपीनं तोंड झाकलं. सतरंजीवरून एक बाई उठली, मग दुसरी, आणि प्रत्येक जणी कट्ट्याकडं निघाली. मास्तरांची बायको तर सरळ त्यांच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली आणि मास्तरांच्या हातातून चष्मा पडला.

राजेश्रीनं पदर खोचला. ती उठली आणि कुंपणाला पाडलेल्या वाटेनं सरळ बाभळबनात गेली. आदिनाथ मागं गेला. ती मधोमध उभी होती, साडीला काटे लागले होते ते सोडवत नव्हती.

"बोरीखाली नाही," ती म्हणाली.

"नाही."

"मी घास ठेवायचे. तुमी बघत होता."

"हो."

"अन् आबाबी."

"आबाबी."

तिला राग आला होता, आणि तो तिनं लपवला नाही. हाताशी दगड असता तर तिनं मारला असता, आणि आदिनाथला तो हवाही होता. "दाखवा मग," ती म्हणाली. "कुठं?"

इथूनच त्याला पळून जावंसं वाटलं. कुठंही बोट दाखवलं असतं तर चाललं असतं; तिनं मानलं असतं; एकदा मानलंच होतं. "मला माहीत नाही," तो म्हणाला. "मला वाटायचं ती वाकडी बाभळ. बन्सीकाका म्हणतात ती तेव्हा नव्हतीच. त्यांनाही आठवत नाही. राजेश्री, खरंच, मला माहीत नाही."

ती जमिनीकडं बघत फिरली. इथं ढेकळं, तिथं प्लास्टिकच्या पिशव्या, पुसलेल्या रेघा. चार पावलं गेली, थबकली, परत आली. खाली वाकून हात लावू पाहत होती आणि कुठं लावावा ते कळत नव्हतं. आदिनाथला ते बघवेना, आणि या वेळी त्यानं नजर काढली नाही. मागं बागेत कुणीतरी मोठ्यानं रडत होतं, केवळाबाई असावी.

"एवढं तरी सांगा," राजेश्री शेवटी म्हणाली. "तोंड कुणीकडं होतं तिचं?"

माहीत नाही, असं तो म्हणणारच होता. आणि त्याला माहीत होतं. विसरला नव्हता; कुणी कधी विचारलंच नव्हतं. बन्सीधर म्हणाला होता, डोकं दक्षिणेला घ्या, तसंच करतात. आबांनी ऐकलं आणि न ऐकल्यासारखं केलं. चिखलात गुडघे टेकून ते खड्ड्यात वाकले, ते इवलं गाठोडं दोन्ही हातांनी धरून त्यांनी वळवलं, आणि बन्सीधरनं दुसरीकडं बघितलं.

"आपल्या खोलीकडं," आदिनाथ म्हणाला. "तू बाजेवर होतीस ना तेव्हा, खोलीत. आबांनी वळवलं. म्हणाले, तिच्या मायकडं तोंड असू द्या."

राजेश्रीनं गल्लीकडं बघितलं. दोन माड्यांच्या फटीत त्या जुन्या खोलीचा पत्रा अजून दिसत होता. ती सावकाश त्या बाजूला चालत गेली, बाभळबनाच्या अगदी कडेला, खोलीच्या खालच्या अंगाला जिथं भिंत होती तिथं. मग वळली, भिंतीला पाठ लावली आणि सगळ्या बाभळबनाकडं तोंड करून खाली बसली. आदिनाथ तिच्याजवळ जाऊन उभा राहिला. बसावं की नाही ते त्याला कळेना.

"बसा," ती म्हणाली. "आता कुठंबी असू द्या. इथून समोरच हाय."